पहिले शंभर तास

"दोरा कशाला आणलाय काका? कानटोपी विणायचीय का?" मी विचारलं.

बिराजदारकाका हसले नाहीत. त्यांनी पाकिटातून पांढऱ्या दोऱ्याचे दोन तुकडे काढले आणि माझ्या काचेच्या काउंटरवर शेजारी शेजारी, सरळ रेषेत मांडले. दोन्हींच्या टोकांना निळ्या शाईची खूण होती.

"या कानापासून डोक्यावरून त्या कानापर्यंत. माझ्या मंडळींचं माप. हा तुकडा दिवाळीतला, हा कालचा."

कालचा तुकडा पेरभर आखूड होता.

"दिवाळीत केस होते," ते म्हणाले. "मला वाटतं कालचाच धरावा."

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दारातून आत येतानाच वाचायचं असतं. ते आधी खोक्याकडं बघतं की खोक्यावरच्या किमतीकडं, यावरून ते काय नेणार आणि नेलेलं परत आणणार का, हे मला दहातल्या आठ वेळा बरोबर सांगता यायचं. चौतिशीत होतो, सोलापुरात नवी पेठेत स्वतःचं 'गड्डम साउंड' होतं आणि माझ्याइतका हुशार माणूस त्या गल्लीत नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती. पण या माणसानं ना खोकं बघितलं, ना किंमत. आत आल्या आल्या त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ ताडून बघितलं आणि म्हणाले, "तुमचं दोन मिनिटं पुढं आहे."

छत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस. शेताच्या बांधांची भांडणं यांच्या साखळीनं मिटायची.

गोष्ट साधी होती. त्यांच्या बायकोला, विमलाकाकूंना, दर तीन आठवड्यांनी गुरुवारी पुण्याला न्यायचं. सकाळच्या गाडीनं जायचं, हातात सुई लावून घ्यायची, दुसऱ्या दिवशी परत. एकूण सहा फेऱ्या, तीन झाल्या होत्या. जाताना चार तास, येताना चार तास. जाताना भीती वाटते, येताना मळमळतं.

"त्या चार तासांत तिला ऐकायला पाहिजे," काका म्हणाले.

"गाणी?"

"जलतरंग. तिचे वडील वाजवायचे. अक्कलकोटच्या बाजूला, देवळात, लग्नात. अठरा वाट्या होत्या. एका हौशी माणसानं चाळीस वर्षांमागं टेपवर घेतलेलं अकरा मिनिटांचं वाजवणं त्याच्या मुलाकडं सापडलं. पुण्यात साफ करून या कार्डावर आणलंय. वडील गेल्यापासून तिनं ते ऐकलेलं नाही."

"मग फोनवर लावायचं की आधी एकदा."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी बांधाचा दगड रात्रीतून सरकवलाय. "चाळीस वर्षांनी बाप भेटायला येणार, आणि त्याला मागच्या दारानं घ्यायचा? कार्ड अजून तिच्या हातात दिलेलं नाही मी."

मग आमची निवड सुरू झाली. कानाच्या आत बसणारी बोंडं त्यांनी आधीच बाद केली, कारण तिला आता कुठंही काही खुपलेलं सोसत नव्हतं. पाठीमागून उघडे असतात ते हेडफोन मी त्यांना ऐकवले, कारण जलतरंग त्यांच्यात फार मोकळा वाजतो.

"छान आहे," ते म्हणाले. "पण गाडी पण ऐकू येणार. आणि शेजारच्या बाईला आमचा जलतरंग."

"हो."

"नको."

उरले कान पूर्ण झाकणारे. तीन जोड मी समोर ठेवले. काकांनी एकेक कालच्या दोऱ्याच्या मापाला जुळवला आणि कानावर चढवून स्टुलावर बसले. काही न लावता, नुसतेच. पहिला सहा मिनिटांत उतरवला. "दाबतो." दुसरा अकरा मिनिटांत. "गरम होतो." तिसरा घालून वीस मिनिटं बसले, डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून. दुकानात दोन कॉलेजची पोरं स्पीकर बघायला आली होती, ती एकमेकांना कोपर मारून हसायला लागली. मीही त्यांच्याकडं बघून एक डोळा मिचकावला. आता लिहायला लाज वाटते, पण मिचकावला.

"हा," काका शेवटी म्हणाले. "आता ते डबडं दाखवा. ॲम्प्लिफायर. फोनमध्ये आवाज असतोच, मग ते कशाला लागतं तेवढं मला समजेल असं सांगा."

"काका, नळाला पाणी आहे पण दाब नाही, तर तिसऱ्या मजल्यावर चढतं का? हा पंप."

हे त्यांना पटलं. दोन पंप दाखवले. एकात ताकद जास्त होती, पण काहीच वाजत नसताना बारीक सळसळ यायची. काकांनी ती बरोबर पकडली.

"जलतरंगात दोन ठोक्यांच्या मधे वाटी झणकत राहते आणि मग विरते," ते म्हणाले. "विमला म्हणते, बाबा ठोका मारायला नाही, तो विरताना ऐकायला वाजवायचे. तिथं ही सळसळ नको."

म्हणून त्यांनी दुसरा घेतला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, एका चार्जिंगवर सात तास चालणारा. खरं सांगतो, इतकी नेमकी निवड माझ्या दुकानात त्याआधी कुणी केली नव्हती. मी त्या पोरांसमोर उगाच फुललो आणि पावती करता करता माझं नेहमीचं म्हणणं म्हणून टाकलं.

"घरी गेल्यावर पहिले शंभर तास नुसतं वाजू द्या हं काका. आतला पडदा नवा असतो, कडक असतो. शंभर तासांनी मोकळा होतो."

काकांनी खिशातून वही काढली. "तोवर ऐकायचं नाही?"

'ऐका की, काय बिघडतंय' असं मी बाकी सगळ्यांना सांगायचो. पण ती पोरं कान देऊन ऐकत होती आणि मला शब्द चांगला सुचला.

"नव्या बिडाच्या तव्यावरची पहिली भाकरी पाहुण्याला वाढतात का, काका?"

पोरं खूश झाली. काकांनी मान डोलावली आणि लिहायला लागले. "चार्जिंगला लावून वाजवलं तर?"

"नको. घरघर येते."

"म्हणजे दिवसाला सात. आज मंगळवार. येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी चौथी फेरी, तोवर त्रेसष्ट होतात. शंभर पंधराव्या दिवशी." त्यांनी पेन्सिल थांबवली. "चौथी फेरी हुकली. हरकत नाही, पाचवी धरू. व्हायचं तर नीट होऊ दे."

जाताना ते दोऱ्याचे दोन्ही तुकडे जपून पाकिटात ठेवून गेले.

सोळाव्या दिवशी शटर वर करतोय तोवर काका पायरीवर हजर.

"तुमच्या यंत्रात वरचे स्वर नाहीत," ते म्हणाले.

मी मनातल्या मनात म्हटलं, आठ बरोबर ओळखले, हा न ओळखलेला नववा निघाला. चोखंदळ माणूस माल परत आणतो तेव्हा आधी यंत्राला नावं ठेवतो, मग तुम्हाला. मी हेडफोन कानावर चढवले, त्यांचंच कार्ड लावलं. वाट्या लखलखीत वाजत होत्या. एकेक ठोका सुटून वर जात होता.

"काका, हे उत्तम वाजतंय."

"मला पण तसंच वाटतं."

"मग?"

"काल दुपारी शंभर भरले. तिला खिडकीपाशी बसवलं. कार्ड लावलं. तिनं तीनेक मिनिटं ऐकलं आणि काढून ठेवलं. म्हणाली, बाबा वाट्यांवर वाजवत नाहीत, पाटावर वाजवतायत. नुसतं टक टक. झणका कुठंय?" त्यांनी खिशातली वही चाचपली. "तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. बापाच्या मांडीवर बसून ऐकलेलं तिनं. मला कळत नाही अशी काहीतरी खोट असणार."

"शंभर पूर्ण झाले होते ना?" मी विचारलं. अजून हुशारी संपली नव्हती माझी.

त्यांनी वही पुढं केली. पंधरा ओळी. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, बेरीज. एकशे पाच.

मी पंपावरचा, वरचे बारीक स्वर वाढवायचा खटका वर केला, कानाच्या गाद्या बदलून थोड्या पातळ बसवल्या आणि त्यांना पाठवलं. दोन दिवसांनी ते पुन्हा आले तेव्हा रिक्षातून विमलाकाकूही उतरल्या.

मी मनात एक खंगलेली, गप्प बाई धरून ठेवली होती. काकू पायरी चढतानाच म्हणाल्या, "हाच का तो तव्याच्या भाकरीवाला?"

"हाच," काका म्हणाले.

"दिसतो तर बरा. भाकरी येते का रे तुला करायला?"

"नाही काकू."

"वाटलंच." डोक्याला जांभळा स्कार्फ, चेहरा पिवळट, पण डोळे असे की पितळेचं भांडं नुकतं घासून ठेवलंय. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोल. रिक्षाचा आवाज अजून कानात आहे."

मला काकांपुढं माझा माल खरा करून दाखवायचा होता. म्हणून मी लॅपटॉपवर तपासणीचा आवाज लावला. शिट्टीसारखा एकच स्वर असतो. अगदी खालून सुरू होतो आणि सावकाश चढत चढत माणसाला ऐकू येणार नाही इतका वर जातो. "ऐकू येतंय तोवर बोट वर ठेवायचं. थांबलं की खाली."

आधी काका बसले. सत्तरीच्या मानानं कान फार चांगले. पडद्यावरची रेघ बरीच पुढं गेल्यावर त्यांनी बोट खाली घेतलं.

मग काकूंना हेडफोन घातले. स्कार्फवरून अलगद. स्वर सुरू झाला, बोट वर गेलं. रेघ चढू लागली. काका बाजूला उभे राहून त्या बोटाकडं बघत होते, जमिनीत खुंटी बरोबर बसली का बघावं तसे.

रेघ अर्ध्यावरही आली नव्हती. बोट खाली आलं.

पहिल्यांदा मला वाटलं, वायर निघाली. पण वायर जागेवर होती. काकूंनी मान वर केली. काकांच्या तोंडाकडं बघितलं. आणि बोट पुन्हा वर गेलं.

"येतंय की," त्या म्हणाल्या. "मधे जरा डोळा लागल्यासारखं झालं."

रेघ चढतच राहिली. बोट वरच. काकांच्या खांद्यांतला ताण उतरताना मला दिसला. आणि माझा हात, मी काही ठरवायच्या आत, आवाजाच्या बटणावर गेला. मी आवाज पूर्ण बंद केला. त्या हेडफोनमध्ये आता काहीही वाजत नव्हतं.

काकूंचं बोट वर होतं. तोंडावर हसू होतं.

"आहे ना?" काकांनी मोठ्यानं विचारलं.

"आहे हो. बारीक आहे, पण आहे. परवाच्या खटक्यानं फरक पडला वाटतं. त्या दिवशी माझंच डोकं भणभणत होतं, उगाच या पोराला दोष दिला."

"बघा!" काका माझ्याकडं वळून म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना हसताना बघितलं. दात मोजून बसवल्यासारखे होते. "सेटिंगची गडबड होती तर. मी म्हटलंच, शंभर तास पूर्ण झालेत, यंत्र चुकणार नाही. थांबा, समोरून लिंबू सरबत आणतो. तिला उन्हाचं बरं वाटेल."

ते रस्ता ओलांडेपर्यंत काकू काचेतून बघत राहिल्या. मग हेडफोन गळ्यात उतरवले.

"बंद केलंस ना?"

"हो, काकू."

"तुझा अंगठा हलला. कान गेले तरी डोळे आहेत अजून." त्या शांतपणे बोलत होत्या. "चौथ्या फेरीनंतर झालं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी होईना. म्हटलं बिघडला. मग बांगड्या वाजेनात. बांगड्या कशा बिघडतील?"

"डॉक्टरांना सांगितलं?"

"फोन केला. सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हे औषध काहींचे कान घेतं, वरच्या स्वरांपासून. गेलेलं परत येत नाही. सही केली मी. यांना नव्हतं सांगितलं. तीन फेऱ्या काही झालं नाही, म्हणून वाटलं वाचले."

मी बोललो, ते चुकीचं बोललो. "काकू, मग त्या पंधरा दिवसांत तुम्ही ऐकून टाकायचं होतं ना."

"म्हटलं की मी. चौथ्या फेरीला निघताना म्हटलं, आज ऐकू द्या, कुणास ठाऊक. हे म्हणाले, त्रेसष्टच झालेत, विमला. कच्चं ऐकू नको." त्यांनी स्कार्फची गाठ चाचपली. "दिवाळीपासून हा माणूस नुसता घरात उभा असायचा. या खोलीतून त्या खोलीत. करण्यासारखं काही नव्हतं रे त्यांच्या हातात. तुझे शंभर तास मिळाले आणि ताठ झाले. सकाळी सात वाजता लावायचे, दोनला काढायचे, वहीत लिहायचे. कपाटात ठेवून वाजवायचे, पुण्याच्या फेरीत पिशवीत गुंडाळून, मला चुकूनही ऐकू येऊ नये म्हणून. मला म्हणायचे, बेचाळीस झाले. एकोणपन्नास झाले. ते मी कशी मोडू?"

समोर काका सरबतवाल्याला बर्फ नको म्हणून हातानं सांगत होते.

"एक खरं सांग," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी ऐकलं असतं, तर कच्चं ऐकू आलं असतं का? तेवढं तरी समाधान."

आयुष्यात मी गिऱ्हाइकाला जे हवं ते ऐकवत आलो होतो. तेव्हाही 'हो, कच्चंच' एवढे दोन शब्द पुरले असते. पण त्या डोळ्यांपुढं मला ते जमेना.

"नाही काकू. पहिल्या दिवशीही आजच्यासारखंच वाजलं असतं. त्या शंभर तासांत फारसं काही नसतं. माणूस घाईनं नाव ठेवतो आणि माल परत आणतो. शंभर तास सांगितले की परतीचे सात दिवस उलटून जातात, कानाला सवय होते आणि कुणी परत येत नाही. म्हणून सांगतो मी सगळ्यांना."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"म्हणून सांगतोस," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे त्यांना कधी कळता कामा नये. कानांचं नाही आणि हेही नाही. मोजणारा माणूस आहे तो. आयुष्यभर मोजत बसेल."

"नाही कळणार."

"घाल मग ते."

"काय?"

"हेडफोन. तू घाल. बाबांचं लाव आणि मला सांग, कसं वाजतंय."

मी घातले. अकरा मिनिटांतली कुठली दोन मिनिटं होती देव जाणे. मला संगीतातलं वाजवण्यापेक्षा विकण्याचंच कळतं. मी म्हणालो, "काकू, ठोका पडतो, आणि मग... तो खाली बसत नाही. वर राहतो. दुसरा येतो तोवर पहिला असतोच."

"हां," त्या म्हणाल्या. "आणि?"

"आणि मधेच एक वाटी जरा वेगळी वाजते. किंचित बसकी."

काकूंनी डोळे मिटले. "सातवी. तिला तडा होता. माझ्या हातून पडलेली, मी सहा वर्षांची होते. आई म्हणाली नवी आणा. बाबांनी बदलली नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "अजून सांग."

काका दारात आले तेव्हा मी सांगतच होतो. त्यांनी मला हेडफोन घातलेला बघितलं आणि सरबताचा ग्लास काकूंच्या हातात देत म्हणाले, "काय हो अंबादासराव, आम्हाला द्यायचं सोडून तुम्हीच ऐकताय?"

"ऐकू द्या त्याला," काकू म्हणाल्या. "त्यालाही कळू दे."

त्या पुढच्या पावसाळ्यात गेल्या. मला वर्तमानपत्रातून कळलं. मी गेलो नाही, कारण काकांसमोर बसून काय बोललो असतो ते मला माहीत नव्हतं.

दीड वर्षांनी काका आपणहून दुकानात आले. बरोबर त्यांच्याच कॉलनीतले एक गृहस्थ होते, पन्नाशीतले, जरा घाबरलेले. त्यांच्या बायकोलाही तशाच फेऱ्या लागल्या होत्या. काकांनीच त्यांना सुचवलं होतं की प्रवासात ऐकायला काहीतरी हवं.

"आमच्या हिनं शेवटच्या दोन्ही फेऱ्यांत जाता येता कानावरून काढलं नाही," काका त्यांना सांगत होते. "डोळे मिटून चार चार तास. मी मधून विचारायचो, वाजतंय ना? ती बोट वर करायची. तेवढं एक काम माझ्या हातून नीट झालं बघा."

त्या गृहस्थांनी एक जोड पसंत केला, पंप पसंत केला. मी खोकं बांधायला घेतलं.

"आता महत्त्वाचं," काका त्यांना म्हणाले आणि खिशातून वही काढली. "घरी गेल्यावर लगेच वहिनींना द्यायचं नाही. पहिले शंभर तास..."

"काका," मी म्हणालो. "हे आजच द्यायचं. घरी गेल्या गेल्या. हातपाय धुवायच्या आधी."

काकांची पेन्सिल थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. छत्तीस वर्षं लोकांच्या सरकवलेल्या खुणा ओळखणारा माणूस.

"मग शंभर तास?"

माझ्या हातात दोरी होती. मी खोक्याला आणखी एक फेरा घातला, मग आणखी एक, गरज नसताना.

"ते त्या जुन्या मॉडेलला लागायचे, काका. पडदा कडक असायचा. हा नवीन निघालाय. याला लागत नाहीत."

ते गृहस्थ एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. मग काकांनी वही मिटून खिशात ठेवली, वरचं बटण लावलं.

"आमच्या वेळेला हे मॉडेल नव्हतं," ते म्हणाले. "नाही का, अंबादासराव?"

"नव्हतं, काका," मी म्हणालो. "तेव्हा नव्हतं."